गुडघे दुखतात, ६४ व्या वर्षी परत सायकल सुरू केलीय, सीट किती उंच ठेवावी?

वडगावच्या बाई
नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात वडगावला राहते, मराठी शाळेत शिक्षिका होते, रिटायर होऊन चार वर्षं झाली. नोकरीच्या सुरवातीला बरीच वर्षं येळ्ळूरला सायकलनंच जायचे, मग स्कूटी आली आणि सायकल माळ्यावर गेली. आता दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त, जिना उतरताना कठडा धरल्याशिवाय जमत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे बघून गादी थोडी झिजलीय म्हणून सांगितलं, ऑपरेशनचं काही नाही, वजन जरा कमी करा, मांडीत ताकद आणा, सायकल चालवली तर चांगलंच म्हणाले. ते ऐकून मला किती आनंद झाला सांगू. मुलानं सायकल खाली काढून टायर-ट्यूब बदलून दिली. आठ दिवस चालवली आणि उजवा गुडघा पुढून, वाटीच्या खाली, आधीपेक्षा जास्त दुखायला लागला. सीट मी अगदी खाली ठेवलीय कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले नाहीत तर फार भीती वाटते, या वयात पडून हाड मोडलं तर काय करायचं? सोडून देऊ का? मनातून सोडायची नाही.

टिळकवाडी ७१
बाई सोडू नका. मलाही असंच झालं होतं. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा पार छातीकडं दुमडतो आणि तसल्या दुमडलेल्या गुडघ्यानं जोर लावायचा म्हणजे सगळा दाब वाटीवर येतो. सायकलमध्ये अंगाचं वजन सीटवर बसतंय म्हणून तर गुडघ्याला सोपं. चालताना गुडघ्यावर वजनाच्या दोन-तीनपट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त, सायकलवर साधारण वजनाएवढाच, पण हे सीट बरोबर असेल तर. मी रोज सकाळी सहाला लष्कराच्या कॅम्पात जातो, झाडांची सावली, गाड्या कमी, अर्धा-पाऊण तास निवांत फिरतो. काँग्रेस रोडला पूर्वी जायचो, काँग्रेसच्या १९२४ च्या अधिवेशनातली विहीर आहे तिथंपर्यंत, आता ट्रॅफिक बघून सोडलं.

शहापूर सायकल रिपेरी
काकू मी सायकलीच दुरुस्त करतो, रोज बघतो हे, वयस्कर लोक येतात आणि सीट पार खाली घे म्हणतात. माप सोपं आहे. भिंतीला हात धरून सीटवर बसा, कुणीतरी सायकल धरू दे, पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलायला नको. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो, तेच पाहिजे. एकदम वर घेऊ नका, दोन-तीन दिवसांनी एक बोट, परत एक बोट. सीटच्या नळीवर खूण असते, ती खूण बाहेर दिसेपर्यंत वर काढायची नाही. जास्त वर गेली तर गुडघ्याच्या मागं दुखतं, मग जरा खाली घ्या.
आता पाय टेकायचं. सीट बरोबर असली की बसल्या जागी दोन्ही पाय टेकतच नाहीत, टेकायलाही नकोत. थांबायचं असलं की ब्रेक दाबा, सीटवरून पुढं उतरा आणि एक पाय खाली ठेवा. लेडीज सायकल असली तर मध्ये दांडी नाही, एकदम सोपं. मैदानात दहा-वीसदा नुसतं थांबून बघा, भीती जाते. ब्रेकचे रबर मात्र जुने असतील तर बदलाच.

फिजिओ बेळगाव
वरचं दोन्ही बरोबर आहे. गुडघ्याच्या गादीत रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातल्या पाण्यातूनच तिला पोषण मिळतं आणि ते हालचालीनं होतं, म्हणून गुडघा दुखतो म्हणून बसून राहणं सगळ्यात वाईट. गेअर असेल तर हलका ठेवा, पाय भराभर फिरू देत, जोर लावून चढ चढू नका. बोलता येईल इतपतच दम लागला पाहिजे. थोडं दुखलं तर घाबरू नका पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखत असेल, सूज असेल तर वेळ निम्मी करा. सुरवात दहा मिनिटांनी, तीही दिवसाआड. बीपी, हृदयाचं काही असेल, चक्कर येत असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एक, सायकलनं हाडं बळकट होत नाहीत कारण वजन सीटवर असतं, म्हणून बाई थोडं चालणं आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम चालू ठेवा. हेल्मेट घालाच.

निपाणीची अक्का
माझं वय ६८. आमच्याकडं तवंदी घाटाच्या बाजूला जायचा विचारच नको ओ, पण गावातले सपाट रस्ते बरे. पावसाळ्यात मी घरातच उभी असलेली सायकल चालवते, टीव्हीसमोर, सीटचं माप तिलाही तेच. मागं वळून बघताना मान दुखायची म्हणून हँडलला आरसा लावून घेतला, त्याचा फार उपयोग झाला, तुम्हीही लावा.

वडगावच्या बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. सीट चार बोटं वर गेलीय, टाचेचं माप जमलं. मुलानं पहिले चार दिवस मागून धरलं आणि मी नुसती थांबायची, उतरायची, परत चढायची. वाटीखालचं दुखणं गेलं, जिना उतरताना अजून कठडा लागतो. काल पहिल्यांदा येळ्ळूर रोडला लागले, शेतातून थोडं पुढंपर्यंत, गाव गाठलं नाही, वीस मिनिटं झाली तशी वळले. भाताची लावण झालीय, पाणी भरलंय, समोर राजहंसगड दिसत होता, तिथं उभी राहिले थोडा वेळ. आरसा उद्या लावून घेते. वाऱ्याचं कुणी सांगेल का, येताना वारा समोरून होता आणि पाय फार भरून आले, अशा वेळी उतरून चालावं का नेटानं चालवत यावं? माझ्या सायकलला गेअर नाहीत.

टिळकवाडी ७१
गेअर नाहीत तर उतरून चाला बाई, बिनधास्त. आणि जातानाच वाऱ्याकडं तोंड करून निघा, दमल्यावर येताना वारा पाठीशी राहतो.