सणाची गोधडी, पण लाल-पिवळी नाही: तुमचे अनुभव सांगा

ओटीवरून
गणपती जवळ आले म्हणून काल माळा काढला. पत्र्याच्या पेटीत तळाशी आजीची खाकी-आबोली गोधडी सापडली आणि मी झाडू बाजूला ठेवून तिथेच बसले.

आजोबा एसटीत ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर त्यांचे गणवेश आजीने उसवले आणि आपल्या आबोली रंगाच्या दोन जुन्या साड्यांत मिसळले. चाकरमानी यायच्या आत गोधडी तयार! शेजारणी म्हणाल्या, "सणाला खाकी? लाल-हिरवं काही नव्हतं का घरात?" आजी म्हणाली, "खाकीशेजारी ठेवली की आबोली उठते. लालाशेजारी ती मरते." काल उजेडात धरून बघितली. जिथे शर्टाचा खिसा उसवला होता तिथला चौकोन अजून गडद आहे, त्याच्यावरून धावदोरा सरळ गेलाय.

यंदा गौरीला येणाऱ्या नणंदेसाठी मी एक शिवायला घेतलीय. राखाडी, मोरपिशी आणि थोडी मोहरी. सासूबाई गप्प आहेत. कुणी असे वेगळे रंग सणाला वापरलेत का? लिहा.

गुहागरची लेक
आमच्याकडे रंग गिरणी ठरवायची. बाबा लालबागला खोलीवर राहायचे, गणपतीला येताना कापडाच्या तुकड्यांचं गाठोडं. एका वर्षी सगळं निळं, एका वर्षी नुसता बदामी आणि चॉकलेटी. आई जे येईल ते शिवायची. जानेवारी १९८२ ला संप झाला, बाबा गावी आले ते रिकाम्या हाताने. त्या वर्षीची गोधडी आईने बाबांच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यांची केली. पांढरी-निळी. आमच्या घरातली सगळ्यात देखणी तीच. लिहिताना डोळे भरले, नंतर येते.

माड_आणि_मी
गुहागरताई 🙏

मालवणी बाय
गे बाय, माझ्या आयशीन काळी गोधडी शिवल्यान, चंद्रकळेची! आजयेन ती गणपतीच्या खोलयेत घेवक दिल्यान नाय. मगे संक्रांतीक भायर काढली, तेव्हा तीच आजी पांघरून बसली. काळो रंग संक्रांतीक चलता मां!

पेणकर
ओटीवरूनताई, पेटीत वास नाही आला? आमच्या दोन गोधड्यांना बुरशीचे काळे ठिपके पडलेत. डांबरगोळ्या ठेवू की कडुनिंबाचा पाला?

माड_आणि_मी
पाला, पण पूर्ण वाळलेला. आणि आधी गोधडी खडखडीत वाळवा. भादव्यात ऊन कुठलं म्हणा. आम्ही चुलीच्या वर दांडी बांधून दोन दिवस ठेवतो, धुराचा वास येतो पण कसर लागत नाही.

शेरवड
मी तीन वर्षं रंग माटवीवरून घेते, म्हणजे बाप्पाच्या वर रानफुलं-फळं बांधून टांगतात त्या चौकटीवरून. वर बघायचं फक्त. शेरवडाचं पांढरं पान आणि त्याचं इवलंसं नारिंगी फूल, कवंडळाचा लाल, कच्च्या सुपारीचा हिरवा, तेरड्याचा गुलाबी-जांभळा. पारंपरिक म्हणा की नवीन म्हणा, बाप्पाच्या डोक्यावर टांगलेले रंग आहेत हे, कोण नावं ठेवणार? फक्त प्रमाण सांभाळा. आमच्या माटवीत पांढरा आणि हिरवा भरपूर, लाल मोजका. पहिल्या वर्षी मी लाल निम्मा घातला आणि बाकी सगळं दिसेनासं झालं.

आणि एक. तुकडे जमिनीवर मांडले की फोनवर काळा-पांढरा फोटो काढा. रंग जातो, फिका-गडद तेवढा उरतो. सगळं एकसारखं करडं दिसलं तर गोधडी लांबून चिखलासारखी दिसणार. मोरपिशी आणि राखाडी तिथे हमखास एक होतात, ओटीवरूनताई, बघून घ्या. मोहरी तुम्हाला तारेल.

ओटीवरून
आत्ता काढला फोटो. खरंच एक झालेत! राखाडी फिका घेते.

दापोलीहून
घरी रंगवणाऱ्यांनी माझं ऐका. पांढऱ्या धोतराचे तुकडे हळदीत आणि कोकमाच्या आगळात रंगवले, इतके सुंदर पिवळे-गुलाबी की फोटो काढून सगळ्यांना पाठवले. पहिल्या धुण्यात साबण लागला, हळद लालभडक, कोकम निळसर राखाडी. पाण्यातून काढल्यावर हळद पुन्हा पिवळी झाली पण उन्हात आठवड्यात उडाली. आठ दिवसांची मेहनत, फार वाईट वाटलं. रंगीत साड्यासुद्धा कापण्याआधी वेगळ्या धुवा, गडद जांभळा एकदा पांढऱ्यात उतरला की निघत नाही.

हर्णै बंदर
जाळी सुती होती तेव्हा ऐनाच्या सालीच्या काढ्यात भिजवायचे, लवकर कुजू नयेत म्हणून. आजीने त्याच भांड्यात जुनी साडी बुडवली. विटकरी-तपकिरी रंग. नारळी पौर्णिमेला ती गोधडी ओटीवर घालायचे, होड्या पूजून आलेली माणसं तिच्यावर बसायची. नायलॉन आलं, काढा बंद, तो रंग मी परत बघितला नाही. सालीचा काढा अजून कोणी करतं का?

माड_आणि_मी
मासे कसे आहेत हो हर्णैला?

हर्णै बंदर
आत्ताच सुरू झालंय, समुद्र शांत होऊ दे. या.

सावंतवाडीची
मी गंजिफावरून, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांवरून शिवली. गोल पानं, दशावताराच्या दहा रंगांची जमीन वेगवेगळी. दहा गोल तुकडे लावताना कडा मुडपायला हाताला फोड आले. दिवाळीला भावाला दिली, त्याने भिंतीवर लावली. पांघरायला दिली होती रे!

पेणकर
तुतारी एक्सप्रेसचं तिकीट कोणाचं कन्फर्म झालं का? आमचं अजून वेटिंग.

गुहागरची लेक
आले परत. ओटीवरूनताई, दोरा कुठला घेणार? आई प्रत्येक गोधडीला पांढराच घालायची. कितीही भलते रंग एकत्र आले तरी वरून एकाच दोऱ्याच्या ओळी गेल्या की ते एका घरचे वाटतात.

ओटीवरून
पांढराच. आत्ताच सासूबाईंनी त्यांच्या डब्यातलं रीळ आणून ठेवलं, काही न बोलता. आणि त्यांच्या जुन्या मोहरी साडीचा पदरही.