मंडळाच्या पिकअपला रिमोल्ड टायर: शनिवारपर्यंत उत्तर हवं

प्रेषक: खजिनदार (सध्या विलेपार्ले)

मंडळी,
आपण बहुतेक सगळे सध्या इकडे मुंबईकडे, पण डॅलसला आपल्या मंडळाच्या गाड्यांपाशी असलेल्या छोटूने पाठवलेले फोटो पाहिलेत ना? पिकअपचे मागचे चारही टायर गोटा झालेत, पुढचा डावा आतल्या कडेने खाल्लाय. गणपतीच्या मूर्तींची खोकी पेणहून निघून न्हावा शेवाला बोटीवर चढली. ह्यूस्टनच्या गोदामात उतरली की मुदतीत उचलायची, नंतर रोजचं भाडं पडतं. गेल्या वर्षी ते भरलंय, पुन्हा भरायचं नाही.

छोटूच्या ओळखीचा एक माणूस १९.५ इंची कमर्शिअल टायरचा सहाचा सेट डिस्कसकट देतोय. टायर रिमोल्ड (रिट्रेड) आहेत, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले. नव्या सहा टायरच्या निम्म्याहून कमी पैशांत. शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला.

मला फक्त हो किंवा नाही कळवा. चर्चा नको.

---

प्रेषक: नाना (दादर)

चर्चा नको म्हणजे? वाहतूक समिती कोणाकडे आहे? फोटो मला का आले नाहीत?

रिमोल्डला माझा स्पष्ट विरोध. परवाच पुण्याहून आलो, एक्स्प्रेसवेवर घाटाच्या खाली ट्रकच्या टायरची ही लांबच लांब सालटी पडलेली. ती कुठून आली? नव्या टायरची? आणि आपण बाप्पाची खोकी त्यावर वाहून आणणार. तंबूच्या खांबांचं जे झालं ते विसरलात वाटतं.

---

प्रेषक: अण्णा (ठाणे)

नाना, फोटो तुमच्या जुन्या पत्त्यावर गेले असणार.

सालट्यांचं म्हणाल तर त्यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्यासाठी मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी हमरस्त्यांवरची सालटी गोळा करून तपासली, अहवाल २००८चा. त्यात रिमोल्डची होती तशी कधीच रिमोल्ड न झालेल्या टायरचीही होती, आणि दोन्ही साधारण ज्या प्रमाणात रस्त्यावर धावतात त्याच प्रमाणात. टायर फुटण्याची कारणंही तीच: रस्त्यावरचं काहीतरी घुसणं, कमी हवा, आणि त्यातून चढलेली उष्णता. प्रवासी विमानाचे टायरसुद्धा पुन्हापुन्हा रिट्रेड होतात. त्यात बसून तर आपण सगळे इकडे आलो.

कायद्याचं म्हणाल तर तिकडचा केंद्रीय नियम बसच्या पुढच्या चाकांना रिमोल्ड लावू देत नाही. ट्रकला तशी बंदी नाही. त्यामुळे "रिमोल्ड म्हणून नको" हे कारण मला पटत नाही. दुसरी कारणं असू शकतात. केसिंग, म्हणजे रबराखालचा मूळ टायर, कधीचं आहे? कोणी विचारलंय का?

---

प्रेषक: नाना (दादर)

माझा पत्ता गेल्या गुढीपाडव्यालाच बदललाय आणि तो यादीत घालायचं काम तुमचं होतं.

विमानाच्या टायरला कोण तपासतं आणि आपल्या पिकअपला कोण तपासतं, याचं उत्तर द्या. तिथे अभियंता सही करतो. आपल्याकडे कोण करणार, तुम्ही?

---

प्रेषक: बंटी (भांडुप)

नमस्कार. हे अप्पा सांगतायत, मी टाइप करतोय. अप्पांचं आयुष्य एसटीच्या टायर विभागात गेलं हे जुन्या मंडळींना माहीत आहे.

अप्पा म्हणतात: एसटीचे स्वतःचे रिट्रेडिंग प्लांट आहेत, त्याच टायरवर अख्खा महाराष्ट्र फिरला. पण आधी केसिंग हातात घ्यायचं. आत दिवा धरून बघायचं, बोटं फिरवायची. तार कुठे उघडी आहे का, बाजूला फुगा आहे का, पूर्वी कोणी आत ठिगळ मारलंय का. यात जो नापास तो भंगारात, मग वरून कितीही चांगला दिसो. पास झाला तर बफिंग म्हणजे जुनं रबर घासून काढायचं, जखमा साफ करून भरायच्या, कुशन गम म्हणजे चिकट रबराचा थर, त्यावर नक्षीचा तयार पट्टा, आणि मग चेंबरमध्ये. थंड प्रोसेस म्हणतात तिला, पण थंड कसली, चेंबर १०० अंशांच्या आसपास असतो. साच्यातली गरम प्रोसेस त्याच्याही बरीच वर, १५०च्या घरात. जास्त तापवलं की केसिंगचं आयुष्य जातं, म्हणून मोठ्या गाड्यांचं बहुतेक काम थंड प्रोसेसने.

अप्पा विचारतात, तो माणूस टायर कुठून करून आणतो? रबर कोणीही चढवतो. केसिंग नापास करायला छाती लागते, कारण नापास केलं की गिऱ्हाईक जातं.

आणि पुढच्या चाकाला रिमोल्ड लावायचा नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहावं असं ते म्हणतायत.

---

प्रेषक: माई (गिरगाव)

मी मधेच बोलते. पिकअपचं चाललंय ते ठीक, पण ट्रेलरचे टायर कोणी बघितलेत का? तो वर्षातून मोजून दोन-तीनदा हलतो, बाकी वेळ उन्हात उभा.

इथे आमच्या वाडीच्या गणपतीची ट्रॉली आहे, तिला कुठले कुठले टायर लावलेत देव जाणे. पण ती परळच्या कारखान्यापासून माणसाच्या चालीने येते. तुमचा ट्रेलर ऑगस्टच्या उन्हात ह्यूस्टनहून डॅलसपर्यंत येणार, तासन्‌तास सलग पळणार.

दुसरं, ढोल पथकाला तोच ट्रेलर १२ तारखेला हवाय, हे चिटणिसांना कळवलं होतं.

---

प्रेषक: चिटणीस (सध्या बोरिवली)

माई, ढोल पथकाचा अर्ज मिळाला, पण तो छापील नमुन्यात नाही. ट्रेलरसाठी वेगळा नमुना आहे. खांबांच्या प्रकरणानंतर सर्वानुमते ठरलंय. ताशे स्वतःच्या गाड्यांतून नेता येतील का तेही बघा.

---

प्रेषक: अण्णा (ठाणे)

नानांनी सहीचं विचारलं म्हणून हिशेब मांडतो, सही नंतर बघू.

आपला पिकअप फोर्ड एफ-३५०, मागे जोडचाकांचा, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर. त्याला कंपनीचा टायर एलटी (हलक्या ट्रकचा) २४५/७५ आर १७, लोड रेंज (वजन पेलण्याचा दर्जा) ई. जोडचाकात असा एक टायर ८० पौंड हवेवर २,९१० पौंड वजन पेलतो. चार मिळून ११,६४०. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर मागच्या एक्सलची मर्यादा लिहिली आहे, ती याच्या खाली आहे. म्हणजे टायर आधीच एक्सलपेक्षा दणकट.

ट्रेलर भरून साधारण नऊ हजार पौंड, चार टनांच्या जरा वर. त्यातलं दहा ते पंधरा टक्के हुकावर यायला हवं, म्हणजे जास्तीत जास्त तेराशे-चौदाशे पौंड. एवढ्यासाठी १९.५चे २२५/७०, लोड रेंज जी? ते जोडचाकात एकेक ३,७५० पेलतात, चार मिळून १५,०००. टायर पंधरा हजारांचे झाले म्हणून एक्सल, स्प्रिंगा आणि हूक पंधरा हजारांचे होत नाहीत. दारावरचा आकडा आहे तिथेच राहतो. हे मुद्दाम लिहितो, कारण कमर्शिअल टायर लागले की यंदा जनरेटरही चढवू म्हणणारे दोन सदस्य मला माहीत आहेत.

शिवाय त्या टायरला पूर्ण वजनासाठी हवा लागते ११० पौंड. साध्या पेट्रोल पंपावरची हवा तिथवर पोचत नाही, ट्रक स्टॉपला जावं लागेल. रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडेल ते वेगळं. चांगला मुद्दा एकच, ते केसिंग रिट्रेड करण्यासाठीच जाड बनवलेलं असतं. त्यामुळे रिमोल्ड घ्यायचाच तर या मापाचा घ्यावा, १७ इंची नको, असं माझं मत.

---

प्रेषक: नाना (दादर)

म्हणजे अण्णा आता माझ्याच बाजूला आले. नोंद व्हावी.

---

प्रेषक: अण्णा (ठाणे)

मी कोणाच्या बाजूला आलेलो नाही. तुम्ही रिमोल्डला नाही म्हणताय, मी या गाडीला हे माप गरजेचं नाही म्हणतोय.

---

प्रेषक: छोटू (तिकडूनच)

सॉरी, कामावर होतो. आत्ता जाऊन टायर बघून आलो.

१. बाजूवर दोन तारखा आहेत. मूळ केसिंगची ०९१५, रिट्रेडची ३१२४. म्हणजे केसिंग २०१५च्या नवव्या आठवड्यातलं आणि रबर २०२४चं, बरोबर ना? सहापैकी चार असे. उरलेल्या दोघांवर मूळ तारीख घासून गेली आहे, वाचता येत नाही.

२. सेट एफ-४५०चा आहे. डिस्कला दहा भोकं. आपल्या एफ-३५०ला आठ बोल्ट.

तो म्हणतो अडॅप्टर टाकून बसेल.

---

प्रेषक: खजिनदार (सध्या विलेपार्ले)

छोटू, दहा भोकं आहेत हे पैसे ठरवण्याआधी मोजता आलं नसतं का रे?

---

प्रेषक: बंटी (भांडुप)

अप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, अडॅप्टर टाकून बाप्पा आणणार असाल तर मला यादीतून काढा.

तारखेचं: रिमोल्डची तारीख म्हणजे रबराची. ओझं केसिंग वाहतं. घासलेल्या तारखेचे दोन टायर फुकट दिले तरी उचलू नका. आणि जोडचाकात दोन टायरच्या व्यासात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको, नाहीतर मोठा टायर सगळं ओझं घेतो आणि छोटा नुसता फरफटतो. तो माणूस चार एका जातीचे आणि दोन भलत्या जातीचे देणार, हे फोटो न बघता सांगतो.

---

प्रेषक: छोटू (तिकडूनच)

अप्पा, खरंच दोन वेगळ्या कंपनीचे आहेत.

---

प्रेषक: माई (गिरगाव)

ट्रेलर?

---

प्रेषक: नाना (दादर)

माई, एका वेळी एक विषय घ्या. ट्रेलर वाहतूक समितीच्या अखत्यारीत येतो. मी मार्चमध्ये स्वतः बघितलाय, रबर उत्तम आहे, नक्षी अगदी नव्यासारखी.

---

प्रेषक: अण्णा (ठाणे)

नाना, उभ्या गाडीची नक्षी झिजत नाही. रबर उन्हाने आतून कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात, आणि वजन व वेग आला की पट्टा सुटतो. म्हणून ट्रेलरच्या टायरचं वय बघायचं. इकडे समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर आरटीओवाले नाक्यावर गाड्या थांबवून टायर बघू लागले, ते उगाच नाही. लांब, सलग, तापलेला काँक्रीटचा रस्ता. तिकडचा ह्यूस्टन-डॅलस हमरस्ता, आय-४५, त्याहून वेगळा नाही.

छोटू, जरा खाली वाकून चारही टायरचे शेवटचे चार आकडे वाच. बाहेरच्या बाजूला नसतील तर आतल्या बाजूला असतात.

---

प्रेषक: छोटू (तिकडूनच)

मोबाइलचा टॉर्च लावून वाचले. तिघांवर २२१४. चौथा स्टेपनी काढून लावलेला दिसतोय, त्यावर ४०११.

भेगा आहेत. नख जातं.

---

प्रेषक: माई (गिरगाव)

२०११! म्हणजे आपला बालवाडीचा वर्ग सुरू व्हायच्या आधीचा टायर.

---

प्रेषक: नाना (दादर)

स्टेपनी कोणी लावली ते आधी शोधा. समितीला न विचारता लावली आहे. मार्चमध्ये ती तिथे नव्हती.

---

प्रेषक: चिटणीस (सध्या बोरिवली)

स्टेपनी खांबांच्या वेळी लावली होती. इतिवृत्तात आहे. नानांची सही आहे.

---

प्रेषक: बंटी (भांडुप)

अप्पा स्टेपनीचं सोडा म्हणतायत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा तिकडे कोण बघतं?

मी त्यांना सांगितलं की नव्या गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग शोधलं तर तिकडचा तो नियम जोडचाकांच्या गाड्यांना लागूच नाही, त्यामुळे आपल्या पिकअपला दिवा असेलच असं नाही. आतला बसला तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि बाहेरचा एकटा दुप्पट ओझ्याने तापून फुटतो. अप्पांच्या मते रस्त्यावरची निम्मी सालटी अशी पडतात आणि नाव रिमोल्डचं जातं. कळंबोलीला किंवा वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसला बघा, क्लीनर गाडी निघायच्या आधी टॉमीने प्रत्येक टायर ठोकतो. भरलेला टणकन वाजतो, बसलेला बद्द. पण त्यावरून टायर बसलाय एवढंच कळतं, दहा पौंड कमी असलेलं कळत नाही. त्याला गेज हवा, आणि गाडी थंड असताना.

---

प्रेषक: छोटू (तिकडूनच)

दिवा नाही. बघितलं. आतल्या टायरचा व्हॉल्व बाहेरच्या डिस्कच्या भोकातून हाताला लागत नाही, लांब नळी टाकावी लागेल.

---

प्रेषक: खजिनदार (सध्या विलेपार्ले)

ठीक. इथे पार्ल्यात आम्ही चौघं बसलो होतो, त्यात ठरलं ते लिहितो. ज्यांना बोलावलं नाही असं वाटतं त्यांनी मला फोन करावा, यादीवर नको.

दहा भोकांचा सेट नको. पिकअपला १७ इंची नवे सहा, लोड रेंज ई, कंपनीने सांगितलेल्याच मापाचे. पुढचा डावा आतून का खातोय ते बघायला अलाइनमेंट करून घेणे, नाहीतर नवाही तसाच जाईल. ट्रेलरला चार नवे आणि एक नवी स्टेपनी. ट्रेलरच्या टायरवर वेगाची मर्यादा बघून घेणे, जुन्या प्रकारच्यांना ताशी ६५ मैलच असते आणि छोटू ७५ने चालवतो हे सगळ्यांना माहीत आहे. आतल्या व्हॉल्वच्या नळ्या आणि ११० नाही तरी १०० पौंडांपर्यंत दाखवणारा गेज, हेही त्याच बिलात.

पैसे सभागृहाच्या अनामतीतून तात्पुरते काढतोय.

---

प्रेषक: नाना (दादर)

अनामतीतून काढायला दोन सह्या लागतात. दुसरी माझी आहे. रिमोल्ड नाही म्हटल्यावर मला हरकत नाही, पण बिलावर "वाहतूक समितीच्या शिफारशीवरून" असं लिहावं.

---

प्रेषक: अण्णा (ठाणे)

ज्या समितीने मार्चमध्ये ट्रेलर पास केला तिच्या शिफारशीवरून?

---

प्रेषक: चिटणीस (सध्या बोरिवली)

बिलावर काहीही लिहू नका. शिफारस इतिवृत्तात जाईल, शब्द मी ठरवीन.

माई, १२ तारखेचा अर्ज नमुन्यात पाठवा. नवे टायर लागल्यावर ट्रेलर द्यायला हरकत नाही.

---

प्रेषक: छोटू (तिकडूनच)

दुकानात उभा आहे. एलटीचे सहा आहेत, तारखा याच वर्षीच्या. ट्रेलरचे चारच आहेत, पाचवा सोमवारी येईल. घेऊ का चार? आणि जुने टायर ठेवून घेण्याचे वेगळे पैसे मागतोय, ते द्यायचे की टायर परत आणायचे?

---

प्रेषक: खजिनदार (सध्या विलेपार्ले)

चार घे. जुने तिथेच टाक, पैसे दे, पावती घे. परत आणलेस तर कोणीतरी त्यातला एक पुन्हा स्टेपनी म्हणून लावेल.