लिहिणं ही देणगी वाटते का? तुमचे अनुभव सांगा

शाईचा डाग: काल भाचीने विचारलं, "आत्या, तुला हे सुचतं कसं?" तोंडातून निघून गेलं, "तो देतो." मग रात्रभर बाबांचं आजारपण आठवत राहिलं. तेव्हा महिनोन्महिने एक अक्षर लिहिलं नव्हतं. एका पहाटे त्यांच्या उशाशी बसले असताना अख्खी प्रार्थना सुचली, कडव्यांसकट. मी फक्त उतरवून घेतली. आजवर तिच्यातला शब्द बदललेला नाही. माझी इतर कविता सतरांदा खोडलेली असते, म्हणून ही मला माझी वाटतच नाही. तुमचं असं काही?

रात्रपाळी: पहिल्या दोन ओळी तो देतो. उरलेल्या माझ्या माथी मारतो 😄

नास्तिक नाना: देव मानत नाही. पण चांगली ओळ आली की "मी लिहिली" म्हणताना जीभ अडखळते, हे खरं.

ओवी: ताई, बाबांचं वाचून गलबललं. सावकाश बोलू.

टाळकरी: तुकोबांनी अभंगातच सांगितलंय, नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व कर म्हणाले. आणि नुसतं कर नाही, नामदेवांचा शतकोटी अभंगांचा संकल्प होता, त्यातले राहिलेले तू पुरे कर!! दुसऱ्याचं उरलेलं काम अंगावर येणं ही कसली देणगी, असं आधी वाटायचं. आता तेच पटतं. आपल्या आधी कोणीतरी सुरू केलेलंच आपण पुढे नेतो.

झरोका: +१ टाळकरी. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तावरचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्यांना तर लिहावाचायला लग्नानंतर नवऱ्यानेच शिकवलेलं. मी स्वतः लिहायच्या आधी प्रार्थना करते. सुचतंच असं नाही, पण स्वतःची फुशारकी जरा कमी होते.

रात्रपाळी: जर्मन संगीतकार बाख आपल्या धार्मिक रचनांच्या शेवटी एस.डी.जी. लिहायचा, म्हणजे गौरव फक्त देवाचा. मी ऑफिसच्या अहवालाखाली लिहून पाहिलं. साहेब म्हणाले, हे कुठलं नवीन खातं?

नास्तिक नाना: 😂😂 साहेबच खरे नास्तिक

खोडरबर: थोडं कडू बोलते. मी इतरांचं लेखन तपासते. "हे वरून आलंय" म्हणणारे एक स्वल्पविराम हलवू देत नाहीत. देणगी असेल तर तिला घासूनपुसून ठेवा ना! न घासता देवाच्या नावावर खपवणं हा मला आळस वाटतो. (शाईचा डाग, तुमच्या प्रार्थनेबद्दल नाही हो.)

शाईचा डाग: कळलं गं 🙂 ती तपासायला दिली तरी मी बदलणार नाही, हेही खरं.

ओवी: बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या गाणी म्हणायच्या, घरचे उतरवून घ्यायचे. पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्या १९५१ मध्ये. उतरवून घेणारं कोणी नसेल अशा किती जणींचं हवेतच विरलं असेल. देणाऱ्याने लेखणी पण द्यायची होती, माझं भांडण तेवढंच आहे. बाळ उठलं, नंतर येते

टाळकरी: ओवी, बोलून टंकायची सोय वापर. फक्त माझा फोन पांडुरंगाचं "पाणी रंग" करतो

झरोका: माझ्या फोनवर ज्ञ सापडत नाहीये, ज्ञानेश्वरांवर लिहायचंय 😭

खोडरबर: ज, मग हलन्त, मग ञ. करून बघ.

झरोका: ज्न आलं

खोडरबर: न नाही गं, ञ!