प्रति: जुन्या पिकअपला कुठलं ऑइल?

सोलापूरच्या उन्हात १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल पातळ होतं, म्हणून जुन्या डिझेल पिकअपला डोळे झाकून त्याहून जाड २०डब्ल्यू-५० टाका, हे वरच्या उत्तरातलं म्हणणं मला अर्धंच पटतं. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ ला टेकतो खरा, पण रेडिएटर आणि थर्मोस्टॅट धड असतील तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) नव्वद अंशांच्या आसपासच राहतं. म्हणून जाड ऑइलचा निर्णय उन्हावर नको, इंजिनाच्या झिजेवर घ्या. लोड घेऊन आल्यावर गरम इंजिन आयडलिंगला ठेवा. ऑइलचा दिवा मिणमिणत असेल तर आधी मेकॅनिककडून गेज लावून प्रेशर बघा. खरंच कमी निघालं तरच २०डब्ल्यू-५० चा विचार करा, तोही कंपनीच्या पुस्तकात ती ग्रेड दिलेली असेल तर.

ग्रेडवर एवढी चर्चा झाली, पण डब्यामागचं एपीआय, म्हणजे ऑइल कुठल्या इंजिनासाठी आणि कोणत्या दर्जाचं ते सांगणारा कोड, त्याचा विषय कुणीच काढला नाही. माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. एसएन वगैरे पेट्रोलसाठी. डिझेलला सीआय-४ किंवा पुस्तकात असेल ते. डिझेलची काजळी धरून ठेवणारे घटक त्यात जास्त असतात. आमच्या मार्केट यार्डात कांदा वाहणाऱ्या एका पिकअपला कुणीतरी स्वस्तात मिळालं म्हणून नुसतं पेट्रोलचं ऑइल घालत होतं. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या वरचं झाकण) काढलं तर रॉकरखाली (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांखाली) डांबरासारखा गाळ, बोटाने खरवडून निघेना. आणि हो, सीआय-४ टाकल्यावर ते लवकर काळं पडतं म्हणून घाबरू नका. काजळी ऑइलमध्ये आली म्हणजे ती इंजिनात चिकटली नाही, ऑइल बदलताना बाहेर जाईल.