रेखाटन, रेखांकन, आरेखन : फरक काय?

पन्नाशीत ड्रॉइंगचा क्लास लावलाय, वहीवर मराठीत नाव घालायला गेले आणि अडले. रेखाटन लिहू की रेखांकन? मुलगा म्हणतो आरेखन. तिन्ही एकच का?

– एक नाहीत. प्लॉटच्या जाहिरातीत 'मंजूर रेखांकन' वाचलं असेल, ते लेआउट, जमिनीची आखणी. आरेखन म्हणजे मापात, पट्टी लावून काढलेला नकाशा, म्हणून सरकारी खात्यात ड्राफ्ट्समनला आरेखक म्हणतात. तुम्ही समोर बघून हाताने काढताय ते रेखाटन. चित्रकार रेखांकनही म्हणतात, चूक नाही, पण मला रेखाटनच जवळचं वाटतं. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं सरकारी नाव शासकीय रेखाकला परीक्षा, तेव्हा रेखाकलाही चालेल.

– बोलताना आपण यातलं काहीच म्हणत नाही हो, चित्र 'काढतो', रांगोळीही काढतो, रेघ ओढतो नाहीतर मारतो आणि अक्षर गिरवतो. गिरवायला आधीची रेघ लागते, समोर तांब्या ठेवून बसलं की ती रेघ नसतेच, आपणच शोधायची, म्हणून तिथे काढणंच बरोबर.

धन्यवाद, रेखाटन लिहिलं! आता दुसरं, सरांनी पर्स्पेक्टिव्हला यथार्थदर्शन शब्द सांगितला. पण तांब्याचं तोंड खरं तर गोल, आणि मला चपटं लंबवर्तुळ काढायला लावलं, मग यथार्थ कसं?

– यथार्थ म्हणजे तुम्ही बसलात तिथून दिसतं तसं. तोंड अगदी डोळ्यांच्या पातळीत आलं तर नुसती आडवी रेघ दिसेल, खाली जाईल तसं लंबवर्तुळ उघडत जातं, म्हणून तळाची गोलाई तोंडापेक्षा जास्त उघडी. टेबल सपाट आहे हे डोक्यात बसलेलं असतं त्यामुळे सुरुवातीला तळ सरळ रेघेने काढला जातो, माझ्याही जुन्या वह्यांत सगळे तांब्ये तसेच आहेत. माप घेताना एक डोळा मिटा, हात ताठ ठेवा, पेन्सिलीवर अंगठा सरकवा, कोपर वाकलं की माप गेलं. परिप्रेक्ष्यही म्हणतात पण तो शब्द अग्रलेखातच जास्त भेटतो.

– शेडिंगला मात्र छायांकन नको, त्याने कॅमेरा आठवतो. तांब्याच्या अंगावर दिसते ती छाया, टेबलावर पडते ती पडछाया, किती नेमका शब्द आहे आपला! पडछाया बुडाशी सगळ्यात गडद असते, लांब जाईल तशी फिकी, तिथे बुडाशी ६बी, म्हणजे मऊ गडद पेन्सिल, वापरून बघा.