मदत हवी आहे: जुनी एसव्हीएन रेपो कायमची बंद कशी करावी?

नमस्कार मंडळी. आमचा सगळा कोड दोन महिन्यांपूर्वी एसव्हीएनवरून (सबव्हर्जन, कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली) गिटवर (त्याच कामाची दुसरी प्रणाली) आणला. तरी शुक्रवारी एका सहकाऱ्याने सवयीने जुन्याच रेपोत (कोडच्या साठ्यात) कमिट ठोकलं, म्हणजे बदल नोंदवला, आणि तो बदल नव्या बिल्डमध्ये आलाच नाही. अर्धा दिवस शोधाशोध!

आता जुन्या रेपोत प्री-कमिट हुक (कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) टाकतोय: कमिट नाकारायचं आणि 'ही रेपो बंद आहे, गिट वापरा' असा एरर दाखवायचा. एवढं पुरेल, की ऑथझेड फाइलमध्ये (कुणाला काय परवानगी ते इथे ठरतं) सगळ्यांना फक्त वाचायची परवानगी ठेवावी?

खरी डोकेदुखी वेगळीच. बग ट्रॅकरमध्ये जागोजागी 'आर ४१२७ पाहा' असे, म्हणजे एसव्हीएनमधल्या रिव्हिजन (नोंदवलेल्या बदलाच्या) नंबरचे, उल्लेख आहेत. मायग्रेशन करताना मी शहाणपणा करून गिट-एसव्हीएनला (एसव्हीएनवरून गिटवर आणायचं साधन) 'नो-मेटाडेटा' हा पर्याय दिला, त्यामुळे कमिट मेसेजमध्ये जुने रिव्हिजन नंबर उरलेच नाहीत. पुन्हा मायग्रेशन केलं तर सगळे हॅश (गिटमधल्या प्रत्येक कमिटची ओळख-खूण) बदलतील, आणि नव्या रेपोत तर रोज काम चालू आहे. तारीख आणि लेखक जुळवून नंबर-हॅशची यादी कुणी बनवली आहे का? स्क्रिप्ट असेल तर फार उपकार होतील.

शिवाय दोन प्रोजेक्ट एक्स्टर्नल्समधून (दुसरीकडचा कोड आपोआप जोडून घ्यायची एसव्हीएनची सोय) अजून जुन्याच रेपोतून कोड ओढतात, म्हणून सर्व्हर लगेच बंद करता येत नाही.