मदत हवी आहे: ‘अधिक वाचा’च्या १४ लिंका, कानाला सगळ्या एकसारख्याच

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाची वेबसाइट सांभाळतो. वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायची तयार प्रणाली) आहे, मजकूर मराठी, काही पानं कन्नड. दृष्टिहीन सभासद एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर) लावून ती वाचतात, त्यांनी सांगितलेल्या अडचणी अशा:

मुखपृष्ठावर बातम्यांच्या १४ चौकटी आहेत आणि प्रत्येकीखाली ‘अधिक वाचा’. लिंकांची यादी उघडली की तेच दोन शब्द १४ वेळा. साहित्य संमेलनाच्या निमंत्रण पत्रिकेचा फोटो हीच लिंक आहे, तिथं नुसतं ‘आयएमजी’ आणि आकडे ऐकू येतात. कन्नड पानाच्या लिंकवर आवाज नीट निघतच नाही. सभासद अर्जाची पीडीएफ उघडते, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचली जाते.

चौकटींची मांडणी मोडायची नाही, असं कार्यकारिणीचं म्हणणं आहे. काय करता येईल, सांगा की.

घाटमाथा

दादा, आधी तुम्ही स्वतः ऐका. एनव्हीडीए मोफत आहे. पान उघडून इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबा, लिंकांची यादी समोर येते. नजरेला चौकटीचा मथळा आणि खालची लिंक एकत्र दिसतात, या यादीत मथळा नसतो. डब्ल्यूसीएजीचा (वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी म्हणून केलेली नियमावली) २.४.४ हा निकष (स्तर ए, म्हणजे किमान) लिंकचा अर्थ तिच्या वाक्यावरून, परिच्छेदावरून किंवा यादीतल्या त्याच मुद्द्यावरून कळला तरी चालवून घेतो. म्हणून तपासणीत पास झालेली साइटसुद्धा वापरताना अडते. लिंकच्या नुसत्या शब्दांवरून अर्थ कळावा ही अट २.४.९ मध्ये आहे, तो स्तर एएए, म्हणजे सगळ्यात वरचा. वाचनालयानं तीच धरावी असं माझं ठाम मत आहे, कारण खर्च काहीच नाही.

सगळ्यात चांगला उपाय: मथळ्यालाच लिंक करा आणि ‘अधिक वाचा’ काढून टाका. ते ठेवायचंच असेल तर त्याच लिंकच्या आत, त्या दोन शब्दांनंतर मथळा लपवून घाला. वर्डप्रेसच्या बहुतेक थीममध्ये त्यासाठी ‘स्क्रीन-रीडर-टेक्स्ट’ नावाचा क्लास (मजकूर कसा दिसावा याच्या नियमांचा संच) तयार असतो; त्यानं मजकूर डोळ्यांना दिसत नाही, पण वाचला जातो. ‘डिस्प्ले नन’ या नियमानं मात्र लपवू नका, त्यानं मजकूर स्क्रीन रीडरपासूनही लपतो.

एरिया-लेबलनंही (लिंकला कोडमध्ये दिलेलं, फक्त स्क्रीन रीडरसाठीचं नाव) काम होतं, पण ते दिसणारे शब्द पुसून त्यांच्या जागी स्वतःचे वाचायला लावतं. उद्या कुणी मथळा बदलला आणि लेबल तसंच राहिलं तर डोळ्यांना एक आणि कानांना दुसरंच. शिवाय बोलून संगणक चालवणारा माणूस ‘अधिक वाचा’ म्हणेल आणि लेबलात ते शब्दच नसतील तर लिंक दाबली जाणार नाही (निकष २.५.३).

तिठा

फोटोचं सांगतो. ‘आयएमजी’ आणि आकडे म्हणजे फाइलचं नाव. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो नाव न बदलता चढवला की असं होतं. लिंकमध्ये नुसतं चित्र असेल आणि त्याला पर्यायी मजकूर (चित्राच्या जागी वाचला जाणारा, ‘ऑल्ट टेक्स्ट’) नसेल, तर स्क्रीन रीडर फाइलचं नाव किंवा पत्ता वाचून वेळ मारून नेतो. लिंक असलेल्या चित्राच्या पर्यायी मजकुरात चित्राचं वर्णन नको, लिंक कुठं नेते ते हवं. ‘सरस्वतीचं चित्र असलेली पिवळी पत्रिका’ असं नको, ‘संमेलनाची कार्यक्रमपत्रिका’ पुरे. ‘लिंक’ हा शब्द एनव्हीडीए स्वतः म्हणतो, तो तुम्ही लिहू नका. आणि ग्रंथदिंडी किती वाजता, कविसंमेलन कुठल्या सत्रात, हे सगळं पुढच्या पानावर टाइप करून द्या. तिथंही फोटोच असेल तर लिंक सुधारून हाती काय लागणार?

चित्र आणि मथळा दोन्ही एकाच पानावर नेत असतील तर दोन्ही एकाच लिंकमध्ये घ्या आणि चित्राचा पर्यायी मजकूर रिकामा ठेवा. लिंकमध्ये चित्र एकटंच असेल तर मात्र रिकामा ठेवू नका, ती लिंक बिननावाची होते.

कन्नड लिंकसाठी त्या लिंकलाच भाषेचा ‘लँग’ गुणधर्म लावा, कन्नडचा संकेत ‘के-एन’. तो नसला की मराठी आवाजाच्या पुढ्यात कन्नड अक्षरं येतात आणि आवाज ती गाळतो किंवा सुटी सुटी वाचतो. भाषेचं नाव कन्नड लिपीतच राहू द्या. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या आवाजात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. सेटिंग्ज, जनरलमध्ये साइटची भाषा मराठी आहे ना, तेही बघा. तिथं इंग्रजी राहिली असेल तर अख्खं मराठी पान इंग्रजी आवाजाच्या हवाली जातं.

शाईदौत

आपल्या भाषेतली एक चूक सहज होते. ‘अर्जात’ या शब्दातल्या फक्त ‘अर्ज’ला लिंक लावतात. मग काना आणि ‘त’ बाहेर पडतात, आणि कानाला ‘लिंक, अर्ज’ झाल्यावर एक तुटका आवाज येतो. पडद्यावरही काना कधी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो. विभक्तीसकट पूर्ण शब्द लिंकमध्ये घ्या.

दुसरं, ओळखीचा शब्द पुढे आणा. ‘वाचनालयाच्या वार्षिक अहवालाची प्रत २०२३’, ‘वाचनालयाच्या वार्षिक सभेची सूचना’ अशा दहा लिंका असल्या की प्रत्येक वेळी ‘वाचनालयाच्या वार्षिक’ ऐकत बसावं लागतं, यादीत पहिलं अक्षर टाइप करून उडी मारायची सोयही जाते. ‘अहवाल २०२३’, ‘सभेची सूचना’ असं लिहा.

पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन कचरा आला तर फाइल डीटीपीच्या जुन्या फॉन्टात आहे: दिसायला मराठी, आत इंग्रजी अक्षरांचे संकेत. मूळ मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत) बदलून फाइल नव्यानं बनवा. जुन्या कन्नड फाइलींचंही तेच. लिंकमध्ये प्रकार आणि आकार लिहा: ‘सभासद अर्ज, पीडीएफ, ३४० केबी’.

मलप्रभाकाठ

मंडळी, आभारी आहे. साइटची भाषा इंग्रजीच होती, ती बदलली. मथळे लपवून घातले, यादीत १४ वेगळी नावं आली. पण ‘अधिक वाचाग्रंथदिंडी’ असं जोडून वाचतंय. का?

घाटमाथा

दोन्हींमध्ये जागा सुटलेली नाही. लपवलेल्या भागाच्या सुरुवातीची टॅग उघडण्याआधी, ‘वाचा’नंतर, एक स्पेस टाका. तरीही जोडूनच आलं तर थीमच्या त्या क्लासमध्ये ‘व्हाइट-स्पेस’ची किंमत ‘नोरॅप’ (ओळ मोडू नये) आहे का पाहा आणि नसेल तर तशी करा.